अवयवरोपणाचे शास्त्र : एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर

आमच्या उल्हासनगरात, व विशेषतः कॅम्प क्रमांक २ मध्ये, ज्याचे बालपण गेले आहे त्यास कोणतेही यंत्र कायमचे निकामी होते असे सहसा वाटत नाही. शिलाईचे मशीन बंद पडले तर त्याचा शटल बदलावा, पंखा फिरेना तर त्याची कॉइल नवी भरून घ्यावी, घड्याळ थांबले तर त्याचे चाक दुसऱ्या घड्याळातून काढून बसवावे, हा येथील नित्याचा व्यवहार आहे. जो भाग बाजारात मिळत नाही तो येथे हुबेहूब घडवूनही मिळतो, अशी आमच्या नगराची ख्याती आहे. अशा गावातील मुलाच्या मनात पुढील प्रश्न उद्भवावा यात नवल नाही.

गतवर्षी इयत्ता नववीत शरीरशास्त्राचा पाठ चालू असता मूत्रपिंडाचे चित्र फळ्यावर काढून आम्ही त्याचे कार्य समजावून देत होतो. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, मशीनचा पार्ट खराब झाला तर दुसरा मिळतो. मग किडनी का मिळत नाही?" वर्गात थोडे हसू झाले. परंतु आम्ही हसलो नाही. कारण त्या मुलाचे वडील शिवणकामाच्या कारखान्यात कारागीर असून त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, आणि आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास, ते रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रास जोडलेले असतात, हे आम्हांस ठाऊक होते. त्या वेळी घंटा झाली व उत्तर अर्धवट राहिले. तेच उत्तर या वार्षिकाच्या पानांत सविस्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथमतः हे सांगितले पाहिजे की, देहाचा गेलेला भाग भरून काढण्याची विद्या आपल्या देशास नवी नाही. तिचा एक अति प्रसिद्ध प्रयोग तर आपल्या पुण्याच्या आसमंतातच झालेला आहे. सवाई माधवरावांच्या पेशवाईचा तो काळ. १७९२ साली संपलेल्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापून त्यास सोडून दिले. इंग्रजी लेखांत त्याचे नाव कावसजी असे पडले आहे. वर्षभराहून अधिक काळ हा मनुष्य नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळील एका वीट भाजणाऱ्या जातीच्या, म्हणजे बहुधा कुंभार जातीच्या, कारागिराने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात तिचे वर्णन चित्रासह छापून आले.

ती कृती ऐकण्यासारखी आहे. प्रथम मेणाची पातळ चकती घेऊन ती नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार सिद्ध केला. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवली व तिच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेच्या आतील कातडी सोलून मोकळी केली. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेली तशीच राहू दिली. नाकाच्या खुंटाची जुनी कड तासून ताजी केली, तेथे चीर पाडली, आणि कपाळावरची कातडी अर्धी पिळून खाली आणून तिची कड त्या चिरेत बसविली. सांध्यावर पाण्यात कालवलेला कात लावून कापडाच्या पट्ट्या एकीवर एक ठेविल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली कापडे ठेविली. रोग्यास पाच-सहा दिवस उताणे निजविले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी कातडी खालच्या भागाशी एकजीव झाल्यावर, ती जोडलेली पट्टी कापून टाकिली.

आता विचार करा : ती अरुंद पट्टी कारागिराने का राखली? कातडी पूर्णपणे तोडून मग नाकावर का लाविली नाही? कारण त्या पट्टीतून रक्त वाहत होते. नवी जागा आपले रक्त पुरवू लागेपर्यंत जुन्या जागेने ते पुरविले पाहिजे, हे मर्म त्यास पिढीजात अनुभवाने कळलेले होते. सुश्रुताच्या ग्रंथातही नाक नव्याने करण्याचा विधी आहे. तेथे नाकाचे माप झाडाच्या पानाने घेऊन गालाची कातडी वापरावयास सांगितली आहे. पानाच्या ठिकाणी मेण आले, गालाच्या ठिकाणी कपाळ आले. तत्त्व तेच राहिले. लंडन येथील जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने ते वर्णन वाचून, बराच अभ्यास करून, १८१४ साली तशी क्रिया केली व १८१६ मध्ये तिजवर पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपातील आधुनिक सौष्ठवशस्त्रक्रियेचा पाया अशा रीतीने पुण्याच्या एका अनाम कारागिराच्या हातांनी घातला गेला. त्याचे नाव कोणी लिहून ठेविले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

या कथेतून एक नियम निघतो. मनुष्याच्या देहाचा भाग त्याच देहात दुसरीकडे लाविला, आणि त्यास रक्त मिळत राहिले, तर तो जगतो. याच नियमावर पुढे पुष्कळ उपकार झाले. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय, ज्याचा आरंभ डॉ. आयडा स्कडर या बाईंनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्याने केला, तेथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० नंतरच्या दशकात महारोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांसाठी असेच केले. मज्जातंतू मेल्यामुळे ज्या स्नायूंनी काम सोडले होते त्यांच्या ठिकाणी प्रकोष्ठातील धड स्नायूंच्या दोऱ्या नेऊन जोडल्या, आणि मिटून राहिलेले हात पुन्हा उघडू लागले. भाजलेल्या मनुष्याच्या मांडीची कातडी त्याच्या छातीवर लावितात, आणि पायातील नीला काढून हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीस वळसा घालण्यासाठी योजितात, हीही त्याच नियमाची उदाहरणे होत.

परंतु ज्याची दोन्ही मूत्रपिंडे गेली, त्याच्या स्वतःच्या देहात तिसरे कोठून आणावे? येथे दुसऱ्याच्या देहाकडे वळल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि येथेच दोन मोठ्या अडचणी मार्ग अडवून उभ्या राहिल्या.

पहिली अडचण शिवणीची होती. मूत्रपिंडाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम. पण त्यात दहा लक्षांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असून दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसास सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यांपैकी दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर टाकतात. बाकीचे पाणी व उपयुक्त द्रव्ये देहास परत करितात. एवढे काम करणाऱ्या इंद्रियास रक्ताचा मोठा पुरवठा लागतो. म्हणून त्याची रोहिणी व नीला नव्या देहातील रक्तवाहिन्यांस अशा जोडल्या पाहिजेत की थेंब गळू नये व आत गुठळीही होऊ नये. फ्रान्समधील लिऑन शहरी अलेक्सी कारेल या तरुण वैद्याने हा प्रश्न सोडविला. भरतकाम करणाऱ्या एका बाईपाशी बसून तो अति बारीक सुईने टाके घालण्यास शिकला, असे सांगतात. वाहिनीच्या गोल तोंडास तीन ठिकाणी टाके घालून ताणले म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाच्या सरळ बाजू शिवणे सोपे जाते, ही त्याची युक्ती त्याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. या कार्याबद्दल त्यास १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या गावात घरोघर शिलाईची यंत्रे चालतात तेथील मुलांनी हे ध्यानात ठेवावे की, सुईदोऱ्याचे कौशल्य हलके नव्हे.

शिवण जमली. कारेलने जनावरांत मूत्रपिंडे बदलली. ती काही दिवस चाललीही. पण दुसऱ्या जनावराचे मूत्रपिंड असले की थोड्याच काळात ते बंद पडे. टाके उत्तम, रक्तपुरवठा उत्तम, तरीही इंद्रिय मरे. ही दुसरी अडचण, आणि तीच खरी.

तिचा उलगडा दुसऱ्या महायुद्धात झाला. विमाने जळून भाजलेल्या सैनिकांना दुसऱ्याची कातडी लावून पाहण्यात येत असे. ती काही दिवसांनी गळून पडे. पीटर मेडावार या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने असे निरीक्षण केले की, त्याच दात्याची कातडी पुन्हा लाविली तर ती पहिल्यापेक्षा अधिक लवकर गळते. याचा अर्थ असा की, देहास पहिल्या पाहुण्याची ओळख राहिली होती! देवीचा रोग एकदा झालेल्या मनुष्याचा देह जसा तो रोग ओळखून त्यास पुन्हा थारा देत नाही, तसाच हा प्रकार. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे देहाचे पहारेकरी होत. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट द्रव्ये असतात. ती जणू त्या देहाचा शिक्का होत. पहारेकरी शिक्का तपासतात. आपला असेल तर जाऊ देतात; परका दिसला तर त्यावर तुटून पडतात. जंतूंचा नाश करणारी हीच शक्ती, दुसऱ्याने प्रेमाने दिलेल्या मूत्रपिंडासही शत्रूच समजते. मेडावार यांस १९६० साली या संशोधनाबद्दल, फ्रँक बर्नेट यांजबरोबर, नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आले. शिलाई मशीनचा शटल कोणाही मशीनला चालतो, कारण मशीनला आपला-परका हा भेद कळत नाही. देहास तो कळतो.

हा शिक्का आपणांस आईबापांकडून मिळतो. अर्धा आईचा, अर्धा बापाचा. म्हणून दोन सख्ख्या भावंडांचा शिक्का तंतोतंत जुळण्याचा संभव चारांत एक असतो. एकाच गर्भबीजापासून झालेल्या जुळ्यांचा मात्र पूर्णपणे जुळतो. हे जाणून अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी, नाताळाच्या दोन दिवस आधी, एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड काढून दुसऱ्यास बसविले. आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यास लावून तो टिकतो की नाही याची खात्री करून घेतली होती. रोगी बरा झाला व पुढे आठ वर्षे जगला. धडधाकट मनुष्याच्या देहावर त्याच्या स्वतःच्या लाभावाचून शस्त्र चालवावे की नाही, हा प्रश्न त्या वैद्यांस फार जड गेला होता. तो आजही हलका झालेला नाही.

पण जुळा भाऊ कितीकांस असतो? इतरांसाठी पहारेकऱ्यांस थोडे निजविणारे औषध हवे होते. ते नॉर्वेच्या एका पठारावरील मातीत सापडलेल्या बुरशीत निघाले. सायक्लोस्पोरिन हे त्याचे नाव. १९७२ मध्ये त्याचा गुण ध्यानात आला, आणि १९८० नंतरच्या दशकात तो जगभर वापरात येऊन या विद्येचे स्वरूप पालटले. मात्र ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात. आणि पहारेकरी पेंगू लागले म्हणजे चोरांसही फावते, त्यामुळे अशा रोग्यास जंतुरोगांपासून फार जपावे लागते. तेव्हा अवयव बदलला म्हणजे मनुष्य कोरा करकरीत झाला असे कोणी समजू नये. एका प्राणघातक दुखण्याच्या जागी एक सांभाळता येण्याजोगी शिस्त त्याने पत्करलेली असते.

आपल्या महाराष्ट्राने या कार्यात मागे राहणे पसंत केले नाही. मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी १९६५ साली मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न केला. पुढे ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय बदलले, तेव्हा त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. सेन यांनी परळ येथे तीच क्रिया केली. आशिया खंडातील ती पहिली होय. रोगी सुमारे तीन तास जगला. बर्नार्ड यांचा पहिला रोगी अठरा दिवस जगला होता. ज्यांस हे अपयश वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे की, तेव्हा पहारेकऱ्यांस आवरणारे चांगले औषधच नव्हते. १९७१ साली वेल्लोर येथे मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले, आणि ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्ली येथे डॉ. वेणुगोपाल यांनी हृदयरोपण यशस्वी केले. त्या तीन तासांचे ऋण या यशावर आहे, असे आम्ही मानितो.

हातांचीही गोष्ट आपल्या जवळचीच आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावर एक विद्यार्थिनी गाडीत चढताना फलाट व गाडी यांमधील फटीत पडली व तिचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नई येथील एका मृत दात्याचे हात विमानाने मुंबईस आणून परळच्या एका रुग्णालयात तिला बसविण्यात आले. हाडे, रोहिण्या, नीला, स्नायू, मज्जातंतू असे सर्व एकेक जुळवावयाचे असल्याने ही क्रिया अनेक तास चालते. आणि मज्जातंतू मंद गतीने, दिवसास सुमारे एक मिलिमीटर, वाढत असल्यामुळे बोटांत जाणीव येण्यास महिनोन्महिने लागतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण पुढे महाविद्यालयासाठी याच मध्य रेल्वेने जातील. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, एक गाडी चुकली तर दुसरी येते. हात दुसरे सहज येत नाहीत.

ज्या ठिकाणी जिवंत अवयवाची गरज नाही तेथे मनुष्याने कृत्रिम वस्तू योजिल्या आहेत, व त्यांत मोठे यश मिळविले आहे. पुण्यास १९४४ साली, युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी, कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. ते आजही चालू आहे. जयपूर येथे डॉ. प्रमोद सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे असे पाऊल घडविले की, ते लावून मनुष्य अनवाणी चालू शकतो, मांडी घालून बसू शकतो, शेतात चिखलात उतरू शकतो. विलायती पावलास बूट लागे; आमच्या शेतकऱ्यास बूट चालत नाही. येथेही वैद्याच्या जोडीस कारागीर होता, हे पुण्याच्या कुंभाराची आठवण करून देणारे आहे. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसविण्याचे भिंगही असेच सुचले. इंग्लंडमधील हॅरॉल्ड रिडले या नेत्रवैद्याने पाहिले की, वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे कण रुतले तरी डोळा सुजत नाही. यावरून त्याने १९४९ मध्ये त्याच द्रव्याचे भिंग बसविले. पहारेकरी जिवंत परक्यावर तुटून पडतात, पण काही निर्जीव वस्तूंकडे दुर्लक्ष करितात, असा याचा अर्थ. परंतु मूत्रपिंडाचे सर्व काम देहाच्या आत राहून करील असे यंत्र अद्याप कोणी करू शकले नाही. डुकराची हृदये व मूत्रपिंडे, त्यांच्या बीजद्रव्यात फेरफार करून, मनुष्यास लावण्याचे प्रयोग २०२२ पासून अमेरिकेत झाले आहेत. ते अजून प्रयोगच आहेत.

यावरून प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर येते. मूत्रपिंड कारखान्यात होत नाही. ते कोणीतरी द्यावे लागते. आणि ते विकत घ्यावयाचे नाही. गरिबांची मूत्रपिंडे श्रीमंतांनी पैसे टाकून घ्यावी, असा लांछनास्पद व्यापार आपल्या देशात एके काळी उघड चालला होता. तो थांबविण्यासाठी, महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विनंतीवरून, संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. त्या अन्वये अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. जिवंतपणी देणारा सामान्यतः आईबाप, मुले, भावंडे, पती वा पत्नी असावा; २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडेही त्यात आली. दोन कुटुंबांतील रक्तगट आपसांत जुळत नसले तर एकमेकांच्या रोग्यांसाठी दान करण्याची, म्हणजे अदलाबदलीची, मोकळीकही त्याच दुरुस्तीने दिली.

दुसरा मार्ग मृत्यूनंतरच्या दानाचा. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अपघाताने अथवा रक्तस्रावाने मेंदू पूर्णपणे व कायमचा मेला, तरी श्वसनयंत्राच्या साहाय्याने हृदय काही काळ धडधडत राहू शकते. ही बेशुद्धी नव्हे. बेशुद्ध मनुष्य शुद्धीवर येऊ शकतो, मेंदू मेलेला मनुष्य कधीही येत नाही. कायद्याप्रमाणे चार वैद्यांनी, सहा तासांच्या अंतराने दोन वेळा परीक्षा करून, असा मृत्यू ठरवावा लागतो. मग घरच्यांची संमती मिळाली तर एका दात्याचे हृदय, दोन फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड व आतडे अशी आठ इंद्रिये उपयोगी पडू शकतात. वेळ मात्र थोडा असतो. बर्फात ठेविलेले हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत धडधडू लागले पाहिजे. मूत्रपिंड सुमारे एक दिवस थांबू शकते. कोणता अवयव कोणास द्यावा हे रुग्णालय आपल्या मर्जीने ठरवीत नाही; मुंबईच्या विभागीय समन्वय केंद्रातील क्रमवारीप्रमाणे ठरते.

सर्वांत सोपे दान नेत्रांचे होय. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे पहारेकऱ्यांची गस्त तेथे क्वचितच पोहोचते, आणि शिक्का जुळविण्याची सहसा गरज पडत नाही. म्हणूनच हे रोपण सर्वांच्या आधी, १९०५ सालीच, डॉ. एडुआर्ड झिर्म यांस ओलोमोउत्स या शहरी साधले. चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरास त्यामुळे पुन्हा दिसू लागले. मनुष्य घरी मरण पावला तरी नेत्रदान होते. पापण्या मिटवाव्या, त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच करावे, पंखा बंद करावा आणि ताबडतोब नेत्रपेढीस कळवावे. कारण सहा तासांच्या आत नेत्र काढले पाहिजेत. चष्मा असलेल्या, मोतीबिंदू काढलेल्या व मधुमेही मनुष्याचेही नेत्र चालू शकतात. चेहरा विद्रूप होत नाही.

हे सर्व आम्ही आज इतक्या सहजपणे लिहीत आहो. पण एक कबुली दिल्यावाचून लेखणी खाली ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमची आई रुग्णालयात वारली. तेथील एका परिचारिका भगिनीने फार सौम्यपणे आम्हांस विचारले, "नेत्रांविषयी काही विचार केला आहे का?" आम्ही विज्ञानाचे पदवीधर, मुलांस डोळ्याची रचना वर्षानुवर्षे शिकविणारे. तरीही आम्ही नाही म्हणालो. आईने तिच्या प्रभूपुढे आंधळ्या डोळ्यांनी उभे राहावे काय, असा विचार त्या क्षणी मनात आला. ती भगिनी काही न बोलता निघून गेली.

पुढे आमच्या पाळकसाहेबांपाशी आम्ही ही गोष्ट काढली. ते म्हणाले, "मास्तर, ज्या देवाने मातीपासून मनुष्य केला, त्यास पुनरुत्थानाच्या दिवशी दोन डोळ्यांची उणीव भासेल काय? जे हुतात्मे अग्नीत जळले, जे समुद्रात बुडाले, त्यांचे काय?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. पौलाने मंडळीस देहाची उपमा देऊन जे लिहिले आहे ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एका अवयवाच्या दुःखात सर्वांनी सहभागी व्हावे हा त्याचा भाव. ती उपमा कोणी अक्षरशः खरी करू लागला तर तिला आपणच आड यावे, हे विसंगत होते. आमच्या नगरातील हिंदू, शीख व अन्य बांधवांच्या धर्मांतही देहदानाची व परोपकाराची थोर परंपरा आहे. तेव्हा धर्म आड येतो असे म्हणताना मनुष्याने आपली भीती तर धर्माच्या नावावर मांडली जात नाही ना, हे तपासून पाहावे. आमची तरी तशी मांडली गेली होती. आमच्या एका नकाराने दोन मनुष्ये त्या रात्री अंधारात राहिली असतील, हे आम्हांस अजून सलते.

त्यानंतर आम्ही व आमच्या मंडळींनी संमतिपत्रे भरली. पण नुसते पत्र पुरे होत नाही. वेळ येईल तेव्हा विचारणा घरच्यांस होते, आणि शोकाच्या घडीस नवा विचार सुचत नाही. म्हणून जेवणाच्या वेळी, सर्व माणसे घरात असता, आपली इच्छा स्पष्ट सांगून ठेवावी. विद्यार्थ्यांनी हे काम अवश्य करावे. वडील माणसांस उपदेश करू नये; हा लेख वाचून दाखवावा व त्यांचे मत विचारावे.

त्या मुलाच्या वडिलांविषयी वाचकांस उत्सुकता असेल. त्याची आई मूत्रपिंड देण्यास तयार झाली. परंतु तिचा रक्तगट निराळा निघाला. आता अदलाबदलीसाठी दुसऱ्या कुटुंबाचा शोध चालू आहे, व वडिलांचे नावही यादीत आहे. ते डायलिसिसच्या दिवसांखेरीज कामावर जातात. मुलगा यंदा दहावीत आहे, आणि त्याने जीवशास्त्रात चांगले गुण मिळविले आहेत.

आमच्या या गावाची वस्ती १९४७ नंतर सिंधमधून मुळासकट उपटल्या गेलेल्या माणसांनी, ओसाड पडलेल्या लष्करी छावणीत येऊन केली. परक्या मातीने त्यांस थारा दिला व ती येथे रुजली. दुसऱ्यास आपल्यात जागा देणे आणि दुसऱ्यात आपला अंश जगू देणे, हे आमच्या नगरास नवे नाही. मशीनचा पार्ट पैशाने मिळतो. मूत्रपिंड कोणाच्या तरी दुःखाच्या घडीस उमटलेल्या एका होकाराने मिळते. "किडनी का मिळत नाही?" या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर, बाळ, हेच आहे : ती मिळते, परंतु आम्ही मोठी माणसे वेळेवर हो म्हणत नाही. ईश्वर आम्हांस ती सुबुद्धी देवो.